दोन महिन्यांच्या सुट्टीत निरीक्षणगृहातल्या मुलांसाठी काय करता येईल?

नाशिकच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: मानसशास्त्राच्या तृतीय वर्षाला आहे, उन्हाळ्यात दोन महिने मोकळे आहेत, निरीक्षणगृहातल्या (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशीच्या काळात ठेवतात तिथल्या) मुलांचं समुपदेशन करायची इच्छा आहे. एका संस्थेत फोन केला तर ‘आम्ही विद्यार्थी घेत नाही’ असं सांगितलं. घरच्यांना भीती वाटते. तर अर्ज कुठे करू, तिथे सुरक्षित असतं का, आणि एमएच्या प्रवेशासाठी प्रमाणपत्र मिळेल का?

मी बाल न्याय मंडळावर सामाजिक कार्यकर्ता सदस्य होते आणि आता समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचं फील्डवर्क बघते. वर्गात मी मुलांशी एकेरीतच बोलते, इथेही तसंच लिहिते.

अर्ज कुठे करायचा हे पुढे सांगते, ते फार अवघड नाही. अवघड प्रश्न त्याच्या आधीचा आहे. जो मुलगा तिथे किती दिवस राहणार हे त्याला, त्याच्या आईला आणि अधीक्षकांनाही माहीत नाही, त्याच्यासाठी दोन महिन्यांनी निघून जाणाऱ्या माणसाने नेमकं काय करावं? याचं उत्तर स्वतःपाशी नसताना गेलीस, तर पहिल्या आठवड्यात फार भारावून जाशील आणि चौथ्या आठवड्यात ‘मी इथे का येते’ असं वाटायला लागेल.

आधी तिथली रीत समजून घे. 18 वर्षांखालच्या मुलावर गुन्ह्याचा आरोप ठेवून त्याला ताब्यात घेतलं, की 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळासमोर आणावं लागतं. मंडळावर एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्या दोघांत एक तरी महिला. उंच आसन नाही, मधे कठडा नाही, मुलाला बेड्या घालायच्या नाहीत, पोलिसांनी साध्या वेशात यायचं. जामीन देणं हा नियम आणि नाकारणं हा अपवाद, अशी कायद्याची रचना आहे. पण आई चार घरची धुणीभांडी करते, खाडा झाला तर काम जातं, म्हणून ती येत नाही. वडील ऊसतोडीला गेलेले असतात. कधी मुलगाच घरचा पत्ता नीट सांगत नाही. मग तो निरीक्षणगृहात राहतो, कुणी चार दिवस, कुणी कितीतरी महिने. चौकशी चार महिन्यांत संपवावी असं कायदा सांगतो, पण मुदतवाढीची सोयही त्यातच आहे. त्यामुळे सोमवारी तुझ्यासमोर बसलेली मुलं पुढच्या सोमवारी असतीलच असं नाही. निम्मी बदललेली असतात. जाताना निरोप घ्यायलाही वेळ मिळत नाही, दुपारी मंडळाचा आदेश झाला की संध्याकाळी मुलगा घरी.

म्हणून पहिली गोष्ट: समुपदेशन तू करू नयेस. तुझी तयारी कमी आहे हे एक कारण, पण तेवढंच नाही. समुपदेशनात माणूस आतलं काहीतरी उघडतो, आणि उघडलेलं सांभाळायला पुढच्या आठवड्यात कुणीतरी तिथे असावं लागतं. इथे त्याची खात्री नाही. दुसरं कारण कायद्याचं आहे. चौकशी सुरू असते, मूल निर्दोष आहे असं गृहीत धरायचं असतं. तू आपुलकीने ‘काय झालं होतं रे?’ विचारलंस आणि त्याने सांगितलं, तर ते ऐकणारी तू झालीस. ती माहिती कुठे जाईल, कुणी तुला त्याबद्दल विचारील का, हे तुझ्या हातात राहत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते की कलम कुठलं, केस काय, कुणासोबत होतास, यातलं काहीही विचारायचं नाही. मुलगा आपणहून सांगायला लागला तर मधेच तोडून टाकायचं नाही, पण ‘हे तुझ्या वकिलांना सांग, त्यांना सांगितलंस तर तुझ्या कामाला येईल’ एवढं म्हणायचं आणि वहीत उतरवायचं नाही.

त्याचबरोबर, ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचनही द्यायचं नाही. हे विद्यार्थ्यांना जड जातं, कारण मुलं अगदी त्याच शब्दांत विचारतात: ताई, कुणाला सांगणार नाही ना? मारहाण झाली असेल, कुणी अंगाशी आलं असेल, मुलगा स्वतःला इजा करण्याचं बोलत असेल, तर तुला सांगावंच लागणार आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती असून ती पोलिसांना न देणं हा पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो विद्यार्थ्यालाही लागू होतो. म्हणून आधीच म्हणायचं, ‘तुला धोका असेल तर मी ज्यांनी मदत करायची त्यांना सांगेन, आणि सांगण्याआधी तुला कळवेन.’ एवढं स्पष्ट बोलल्यावरही मुलं बोलतात. उलट जास्त विश्वासाने बोलतात, असा माझा अनुभव आहे.

मग करायचं काय? आत जाणार असशील तर असं काम घे जे त्याच दिवशी सुरू होऊन त्याच दिवशी संपतं. अर्धी गोष्ट सांगून ‘उरलेली पुढच्या वेळी’ म्हणायचं नाही, कारण पुढच्या वेळी तो नसेल. एका बैठकीत पूर्ण होणारं चित्र, कॅरमची स्पर्धा, कागदकाम, बँकेची स्लिप भरायला शिकणं. वाचनाचं काम फार मोलाचं आहे. आठवीपर्यंत शाळेत गेलेला मुलगा जोडाक्षरापाशी अडखळतो, हे तुला रोज दिसेल. त्याच्यापुढे पहिलीचं पुस्तक ठेवलंस तर चारचौघांत त्याचा अपमान होतो आणि तो परत येऊन बसत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने वर्तमानपत्रातलं क्रिकेटचं धावफलक घेतलं. खेळाडूंची नावं मुलांना पाठच असतात, त्यामुळे अक्षरं ओळखायला आधार मिळतो, आणि मग खालची दोन ओळींची बातमी वाचायची हिंमत येते. फक्त पेपर आत नेण्याआधी सगळा नजरेखालून घाल. आतल्याच एखाद्या मुलाच्या प्रकरणाची बातमी त्यात असू शकते.

साहित्य मोजून न्यायचं, मोजून परत आणायचं. कात्री, कटर, कंपास नको. शार्पनरमधलं पातं निघतं, म्हणून पेन्सिली घरूनच टोक करून न्यायच्या. काळजीवाहकांना विचारल्याशिवाय खाऊ वाटायचा नाही.

खरं सांगायचं तर मला विद्यार्थ्यांचं सगळ्यात उपयोगाचं वाटलेलं काम आत होत नाही, बाहेर होतं, आणि ते कागदांचं आहे. कायद्याप्रमाणे मुलाचं वय आधी शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्यावरून किंवा दहावीच्या प्रमाणपत्रावरून ठरतं, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावरून, आणि हे काहीच नसेल तरच वैद्यकीय तपासणीवरून. मुलगा सोळाचा की सतराचा, सतराचा की अठराचा, यावर त्याचं पुढचं सगळं अवलंबून असतं. अतिशय गंभीर स्वरूपाच्या आरोपात 16 वर्षांवरच्या मुलाचं प्राथमिक मूल्यांकन होतं आणि प्रकरण मंडळाकडून बाल न्यायालयाकडे जाऊ शकतं, जिथे त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. आणि हा कागद बहुतेक वेळा घरात नसतो. तो गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत असतो.

एक विद्यार्थिनी अशीच एका मुलाच्या शाळेत गेली होती, परिविक्षा अधिकाऱ्यांचं (म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, मुलाच्या घरची-शाळेची माहिती काढून मंडळाला देणारे) पत्र घेऊन. मुख्याध्यापकांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं, पानं उलटत नोंद शोधली. जन्मतारीख होती 1 जून. त्याच पानावर आणखी कितीतरी मुलांची 1 जूनच होती. खेड्यातल्या शाळेशी संबंध आलेल्या कुणालाही हे नवीन नाही. तारीख माहीत नसली की गुरुजी 1 जून लावायचे. पण त्या विद्यार्थिनीने एक शहाणपणा केला. नुसता दाखला घेऊन न येता त्या मुलाच्या प्रवेशाचं वर्ष, प्रवेशाची इयत्ता आणि धाकट्या बहिणीच्या नोंदीची तारीखही विचारून घेतली आणि परिविक्षा अधिकाऱ्यांना दिली. त्यावरून काय निष्कर्ष काढायचा हे मंडळाचं काम, ते तिने ठरवलं नाही. पण चर्चेला धरून बोलायला काहीतरी हाती आलं. समुपदेशनाची कुठलीही बैठक त्या मुलाला त्या आठवड्यात एवढी उपयोगी पडली नसती.

परिविक्षा अधिकाऱ्यांना दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो: घर कसं आहे, शाळा कधी सुटली, कमावतं कोण आहे, कर्ज आहे का, दारू आहे का. एकेका अधिकाऱ्याकडे इतकी प्रकरणं असतात की सगळ्या घरी जाणं होत नाही. रिकाम्या जागा भरा, असं सर्वोच्च न्यायालयालाही 2018 मध्ये संपूर्णा बेहुरा प्रकरणाच्या निकालात सांगावं लागलं. अशा वेळी गृहभेटीला त्यांच्यासोबत जाणारी, पत्ता शोधणारी, आईला तारखेची आठवण करून देणारी मुलगी हवीच असते. एकटीने मात्र गृहभेटीला जायचं नाही, आणि वस्तीत ‘अमक्याच्या केसच्या संदर्भात आलोय’ असं म्हणायचं नाही. शेजारच्या बाईने ऐकलं की त्या घराला पुढची दहा वर्षं ते पुरतं.

सुटकेनंतरचं काम तर जवळजवळ कुणीच करत नाही. शाळेने परत घेतलं का? दहावी राहिली असेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, त्याच्या तारखा राज्याचं शिक्षण मंडळ दरवर्षी जाहीर करतं, पण हे सांगायला आणि फॉर्म भरून द्यायला कुणी नसतं. मुंबईत रात्रशाळा आहेत. प्रवेशाच्या वेळी पालक घाबरलेले असतात की केसचं सांगावं लागेल का. बाल न्याय कायद्याच्या कलम 24 प्रमाणे अशा प्रकरणामुळे मुलाला पुढे कुठलीही अपात्रता चिकटत नाही (16 वर्षांवरच्या ज्या मुलाला बाल न्यायालय दोषी ठरवतं, त्याचा अपवाद आहे). पालकांना हे शांतपणे समजावून सांगणं, एका अर्जासोबत रांगेत उभं राहणं, एवढं तू दोन महिन्यांत नक्की करू शकतेस, आणि ते पूर्ण होऊ शकतं.

आता अर्जाचं. महाराष्ट्रात काही निरीक्षणगृहं सरकार चालवतं, बऱ्याच जिल्ह्यांत ती जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटना चालवते, मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी 1927 पासून आहे. (तिचं उमरखाडीचं निरीक्षणगृह म्हणजे जुना डोंगरीचा तुरुंग, कोल्हापूर प्रकरणात 1882 मध्ये टिळक आणि आगरकरांनी 101 दिवस काढले तो. भिंती बघितल्या की जागा मुलांसाठी बांधलेली नव्हती हे कळतं.) थेट फाटकावर जाऊन काही होत नाही. कॉलेजच्या विभागप्रमुखांचं पत्र घे आणि जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा. तिथेच जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. संशोधन किंवा प्रश्नावली भरून घ्यायची असेल तर ते प्रकरण पुण्याच्या महिला व बाल विकास आयुक्तालयापर्यंत जातं आणि दोन महिने परवानगीतच जाऊ शकतात, म्हणून प्रबंधाचा विषय त्यात घुसवू नकोस. पोलीस पडताळणीचा दाखला मागतील, त्याचा ऑनलाइन अर्ज आधीच करून ठेव. कायद्याची विद्यार्थिनी असतीस तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून नाव दे म्हटलं असतं. कुणाला ते लागू होत असेल तर जरूर करा, मंडळाच्या आवारात पालकांना अर्ज लिहून देणारं कुणी असलं की फार फरक पडतो.

सगळ्यात चांगला रस्ता म्हणजे आधीपासून तिथे काम करणाऱ्या संस्थेचा हात धरून जाणं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘रिसोर्स सेल फॉर जुवेनाइल जस्टिस’ने मंडळाच्या आवारात मदत कक्ष चालवले, तसं काम तुझ्या जिल्ह्यात कोण करतं ते बाल संरक्षण कक्षात विचार. संस्था निवडताना एकच गोष्ट तपास: तुझ्यावर देखरेख कोण करणार? आठवड्यातून एकदा तासभर बसून तुझ्याशी बोलणारं माणूस नसेल तर तिथे जाऊ नकोस. प्रमाणपत्रासाठी पैसे मागत असतील तरी जाऊ नकोस. आणि ज्या संस्थेने नकार दिला, तिच्यावर रुसू नकोस. विद्यार्थी सांभाळायला माणूस लागतं. ते नसताना ‘या’ म्हणण्यापेक्षा ‘नको’ म्हणणं मुलांच्या हिताचं आहे.

गुप्ततेबद्दल मी कडक आहे. कायद्याच्या कलम 74 नुसार मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील कोणत्याही माध्यमातून उघड करायचा नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘चेहरा ब्लर केला होता’ हे उत्तर चालत नाही. हातावरचं गोंदण, शर्ट, मागची भिंत, एवढ्यावरून वस्तीतली पोरं ओळखतात. इन्स्टाग्रामवर ‘आज मी कुठे होते’ ही स्टोरीसुद्धा नको. रोजच्या नोंदींच्या वहीत खरं नाव नाही, आद्याक्षर नाही, गावही नाही.

तू मुलगी आहेस आणि बहुतेक ठिकाणी समोर सोळा-सतरा वर्षांचे मुलगे असतील, म्हणून घरच्यांची काळजी मी समजू शकते. दार उघडं असलेल्या खोलीत, काळजीवाहक नजरेच्या टप्प्यात असताना बसायचं, एकट्या मुलासोबत बंद खोलीत नाही. फोन आणि पर्स फाटकावर. नंबर, आडनाव, राहण्याचा भाग सांगायचा नाही. ‘ताई’ म्हणून हाक मारू देत, तेवढं नाव पुरतं. एक प्रसंग हमखास येतो: मुलगा मुठीत चिठ्ठी सरकवतो, त्यावर मोबाइल नंबर असतो, ‘आईला एकच फोन लावा ना.’ ती चिठ्ठी गुपचूप घ्यायची नाही, आणि ओरडायचंही नाही. तिथल्या तिथे म्हणायचं, ‘आपण दोघं मिळून परिविक्षा अधिकाऱ्यांना सांगू.’ मी हे दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे. एका वेळी तो नंबर खरोखर आईचाच निघाला, आणि मुलगा कुठे आहे हे त्या बाईला तोवर माहीतच नव्हतं. दुसऱ्या वेळी तो तक्रारदाराच्या घरचा निघाला.

घरच्यांच्या डोक्यात बहुधा मे 2024 चा पुण्यातला कल्याणीनगरचा अपघात असेल. दोन तरुण इंजिनिअरांचा जीव गेला, 17 वर्षांच्या मुलाला जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, आणि लोकांचा संताप उसळला. तो संताप साहजिक होता. पण त्यांना एवढं सांग, की तुला भेटणार असलेल्या मुलांपैकी बहुतेकांच्या घरी गाडी नसते, वकील नसतो, आणि पुष्कळदा तारखेला यायला मोकळं माणूसही नसतं. त्यांना एकदा माझ्यासारख्या कुणाशी, किंवा तुझ्या पर्यवेक्षकाशी प्रत्यक्ष बोलू दे. माझ्या विद्यार्थिनींचे वडील येऊन बसतात, प्रश्न विचारतात, आणि मला ते आवडतं.

राहिला वेळेचा मुद्दा. तुझं कॉलेज नाशिकलाच असेल तर मी दोन महिने रोज जाण्यापेक्षा वर्षभर दर शनिवारी जा म्हणेन. ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी येणारं माणूस आत फार कमी असतं, आणि त्या सातत्याची किंमत मुलं बरोबर ओळखतात. सुट्टीनंतर गाव सोडणार असशील तर मात्र आतलं काम घेऊच नकोस. गृहभेटी, दाखले, शाळाप्रवेश यापुरतं ये. जूनमध्ये शाळा सुरू होतात, त्यामुळे तुझे दोन महिने त्याला नेमके जुळतात.

प्रमाणपत्र मिळेल. पहिल्याच दिवशी किती तासांचं, कुणाच्या सहीचं, हे लेखी विचारून घे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. प्रवेशसमितीत बसणारा माणूस ‘60 मुलांचं समुपदेशन केलं’ असं वाचून चमकतो ते कौतुकाने नाही. ‘परिविक्षा अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली गृहभेटी, वयाचे दाखले आणि शाळाप्रवेशाचा पाठपुरावा’ असं लिहिलेलं असेल तर काम काय असतं हे तुला कळलंय, हे त्याला कळतं.

कॉलेजच्या पत्रात तेच शब्द घाल. कोणत्या वारी, किती ते किती, कोणत्या तारखेपर्यंत, कुणाच्या देखरेखीखाली, आणि ‘मुलांच्या प्रकरणाची माहिती, छायाचित्र किंवा मुलाखत घेतली जाणार नाही’ हे एक वाक्य. शेवटच्या वाक्यामुळे अधिकाऱ्यांचा निम्मा नकार तिथेच संपतो. पत्र एप्रिल उजाडण्याआधी दे. आर्थिक वर्षाच्या अखेरीला, 31 मार्चच्या आसपास मात्र जाऊ नकोस, त्या आठवड्यात कार्यालयात कुणाला मान वर करायलाही वेळ नसतो.